बंद वाटीचे हेडफोन आणि महागडी तार



ज्याला गाण्याचे वेड आहे, त्याला साधनांचे वेड लागावयास फारसा वेळ लागत नाही. पूर्वी हे वेड ग्रामोफोनच्या सुईपाशी घुटमळत असे, पुढे ते रेडिओपाशी आणि टेपच्या फितीपाशी आले. आज ते हेडफोनपाशी येऊन पोहोचले आहे. कानांवर चढवावयाची ही दोन वाट्यांची जोडी काही शे रुपयांना मिळते, तशीच ती काही लाखांनाही मिळते. आणि लाखाची जोडी घेणाऱ्या गृहस्थाला लवकरच कोणीतरी विचारतो, ‘‘एवढे उंची साधन घेतलेत आणि तार मात्र खोक्यातलीच ठेवलीत? चांदीची तार लावा, मग पाहा गाणे कसे उजळते!’’ ही तार काही शे डॉलरांपासून हजारावर डॉलरांपर्यंत विकली जाते.

तेव्हा उंची हेडफोन पारखावा कसा, आणि त्याची तार बदलल्याने खरोखर काही पदरात पडते काय, या दोन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे. हा नुसता शौकिनांचा वाद नव्हे. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातून एकदाच मनाजोगते साधन घ्यावे, असे ठरविणारे गृहस्थ काय, किंवा गाणे शिकता शिकता चार पैसे बाजूस टाकणारी मुलगी काय, अशा माणसांचा पैसा नको तेथे गेला तर तो पुन्हा उभा राहत नाही.

प्रथम हेडफोनची रचना पाहू. अमेरिकेतील युटा प्रांताच्या नॅथॅनियल बाल्डविन या गृहस्थाने घरच्या घरी तयार केलेले हेडफोन १९१० साली तेथील आरमाराने मागविले. जर्मनीत बायर यांच्या कारखान्यातून १९३७ साली ‘डीटी ४८’ हा हेडफोन बाहेर पडला. घरात बसून दोन्ही कानांनी स्टिरिओ संगीत ऐकण्याची चाल मात्र जॉन कॉस यांनी १९५८ साली अमेरिकेत पाडली. पुढे १९६८ साली सेन्हायझर या जर्मन कंपनीने ‘एचडी ४१४’ हा हेडफोन काढला आणि त्याची पाठ मोकळी ठेवली. तेव्हापासून हेडफोनांच्या दोन जाती झाल्या : एक उघड्या वाटीची आणि दुसरी बंद वाटीची.

या दोहोंतील भेद समजण्यास फार शास्त्र नको. हेडफोनमधील पातळ पडदा पुढे सरकला की कानाकडील हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागील हवा विरळ होते. म्हणजे कानाकडे निघणाऱ्या ध्वनीचा जोडीदार पाठीमागेही निघत असतो. वाटी उघडी असेल तर हा मागचा ध्वनी जाळीतून बाहेर निघून जातो. वाटी बंद असेल तर त्याला वाटच राहत नाही. तो आतल्या भिंतीवर आदळतो, परत फिरतो, पडद्याला धक्का देतो आणि पुढच्या ध्वनीत मिसळतो. रिकाम्या घागरीच्या तोंडाशी बोलून पाहावे. एखादा स्वर एकाएकी घुमून उठतो आणि बाकीचे मिळमिळीत राहतात. बंद वाटीत लहान प्रमाणावर हेच घडू पाहते. पडद्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर ४ सेंटिमीटर धरले, तर सुमारे ४,३०० हर्ट्झच्या आसपास अशी घुमणारी लहर उभी राहू शकते. आणि माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या टापूतच सर्वांत तिखट असतो!

मग उघडी वाटीच का घेऊ नये? कारण बंद वाटीचे उपयोगही तसेच मोठे आहेत. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायकाच्या कानात साथीचा आवाज चालू असतो आणि समोर मायक्रोफोन असतो. कानातला आवाज बाहेर झिरपला तर तोही ध्वनिमुद्रित होईल. तेथे बंद वाटीच हवी. घरात कोणी आजारी आहे, मुले अभ्यास करीत आहेत, रस्त्यावर वाहनांचा गोंगाट आहे, अशा ठिकाणीही तीच उपयोगी पडते. शिवाय बाहेरचा गोंगाट अडला म्हणजे आवाज कमी ठेवून भागते. प्रौढ माणसाने आठवड्याला ४० तास ऐकावयाचे असेल तर पातळी ८० डेसिबलवर जाऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. त्यावर दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ९० डेसिबलला ती सुमारे ४ तासांवर येते. बंद वाटीने हे डेसिबल वाचविले तर तो लाभ साधा नव्हे. मात्र ही वाटी उंच स्वरांचा गोंगाट जितका अडविते, तितकी मोटारींची खोल घरघर अडवीत नाही, हे विसरू नये.

उंची हेडफोनचा खरा पैसा या मागच्या ध्वनीचा बंदोबस्त करण्यात खर्च होतो. सेन्हायझरने २०१८ साली आणलेल्या ‘एचडी ८२०’ मध्ये पाठीवर अंतर्गोल काच बसविली. ती मागच्या ध्वनीला वळवून कडेच्या शोषक कप्प्यांत धाडते. त्याच वर्षी जपानच्या डेनॉनने ‘एएच-डी९२००’ च्या वाट्या बांबूच्या केल्या. अमेरिकेतील डॅन क्लार्क ऑडिओने २०२१ साली ‘स्टेल्थ’ मध्ये कान आणि पडदा यांच्यामध्येच बारीक नळ्या-पोकळ्यांची जाळी ठेवून घुमारा जिरविण्याची युक्ती योजिली. तिघांच्या वाटा निराळ्या, पण झगडा एकाच घागरीशी आहे.

आता पारख. पहिली पारख कानाची नव्हे, गादीची. बंद वाटीतला खर्ज कानाभोवतीच्या हवाबंद जागेवर उभा असतो. गादी आणि गाल यांच्यात बारीकशी फट राहिली तरी खालचे स्वर निसटून जातात. चष्म्याची काडी किंवा दाट केस एवढी फट सहज पाडतात. म्हणून चष्मा लावणाऱ्याने चष्मा लावूनच हेडफोन ऐकावा आणि मग दोन्ही वाट्या हाताने हलक्या दाबून पाहाव्यात. दाबताच खर्ज एकदम भरून आला, तर तो हेडफोन कितीही नावाजलेला असला तरी आपल्या डोक्याचा नाही, असे समजावे.

दुसरी पारख आपल्या ओळखीच्या संगीताने करावी. दुकानदाराने लावलेली चकचकीत ध्वनिमुद्रिका ऐकून निर्णय घेऊ नये. आपल्याकडे डग्ग्यासारखे उत्तम परीक्षक वाद्य आहे. डग्ग्यावर तळहात घासून काढलेला नाद खालून वर चढत जातो. तो चढताना मधल्या एखाद्या पायरीवर अचानक फुगला किंवा बसला, तर त्या जागी हेडफोनचे स्वतःचे काही बोलणे आहे असे जाणावे. तानपुऱ्याने जवारीची परीक्षा होते. जोडीच्या तारांतून उठणारी उपस्वरांची झिरमिर सलग यावी. ती डंखासारखी टोचत असेल तर उंच स्वर फाजील आहेत आणि लोकर गुंडाळल्यासारखी वाटत असेल तर ते कमी आहेत. गळा ऐकताना ‘स’, ‘श’, ‘च’ या अक्षरांकडे लक्ष द्यावे. ती सुरीसारखी कापू लागली तर दोन तासांच्या मैफलीनंतर कान शिणल्यावाचून राहणार नाहीत. १९२५ पूर्वी कर्ण्यातून ध्वनिमुद्रित झालेल्या जुन्या तबकड्यांवर मात्र हेडफोनची पारख करू नये. त्यांत वरचे स्वर उतरलेलेच नाहीत. जे नाही ते कोणतेही साधन आणू शकत नाही, उलट खरखर तेवढी वाढविते.

तिसरी पारख वेळेची. पाच मिनिटांत मोहविणारा हेडफोन तासाभरात डोके आवळू लागतो. मोठा पडदा, लाकूड, धातू यांनी वजन वाढते आणि बंद गादीत कान घामेजतात. आपल्या हवेत हा विचार युरोपातल्या माणसाहून आपण अधिक करावयास हवा. निदान तासभर, मान इकडेतिकडे वळवून, ऐकल्यावाचून पैसे मोजू नयेत.

आणि किंमत? २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांचे मोजमाप करून त्यांचे निष्कर्ष अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. निरनिराळे स्वर हेडफोन कोणत्या प्रमाणात उमटवितो आणि त्याची किंमत काय, यांत त्यांना परस्परसंबंध आढळला नाही. किमतीत कारागिरी असते, टिकाऊपणा असतो, चामडे आणि लाकूड असते. पण किमतीच्या चढत्या श्रेणीने स्वरही सुधारत जातो, असे मात्र गृहीत धरता येत नाही.

आता तारेकडे वळू. तारेने काय करावयाचे असते? ॲम्प्लिफायरकडून आलेला विद्युत्प्रवाह जसाच्या तसा हेडफोनपर्यंत पोहोचवावयाचा असतो. या कामात तिचा मुख्य दोष म्हणजे तिचा स्वतःचा रोध. समजा, ३ मीटरची तांब्याची तार आहे आणि तिच्या आतील वाहकाचा छेद ०.२ चौरस मिलिमीटर आहे. जाणे व येणे मिळून ६ मीटर तांबे झाले. त्याचा रोध सुमारे अर्धा ओहम भरतो. हेडफोन ३०० ओहमचा असेल तर या अर्ध्या ओहमने आवाज दीड-शतांश डेसिबल घटतो. हेडफोन ३५ ओहमचा असेल तर घट सुमारे एक-अष्टमांश डेसिबल होते, आणि तीही आवाजाची पट्टी केसभर फिरविली की भरून निघते.

स्वरांच्या प्रमाणात फरक पडतो तो निराळ्या कारणाने. हेडफोनचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. एखादा हेडफोन एका स्वराला ३५ ओहम आणि दुसऱ्याला ७० ओहम भासतो असे धरू. अर्ध्या ओहमच्या तारेमुळे या दोन स्वरांत पडणारी तफावत ०.०६ डेसिबल येते. ती ऐकू येण्याच्या पलीकडची आहे. आता हाच हेडफोन ज्या ॲम्प्लिफायरचा स्वतःचा रोध १२० ओहम आहे अशा यंत्राला जोडा. असा रोध ठेवण्याची एक पद्धतच होती. तेथे त्याच दोन स्वरांतील तफावत सव्वाचार डेसिबलांवर जाते! ती कोणालाही ऐकू येईल. म्हणून ॲम्प्लिफायरचा रोध हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा ठोकताळा जाणकार सांगतात. तारेच्या जाहिराती वाचण्यापूर्वी हा आकडा वाचलेला बरा.

चांदीचे काय? चांदी तांब्याहून अधिक चांगली विद्युत्वाहक आहे हे खरे. पण फरक सहा-सात टक्क्यांचा. तांब्याची तार तेवढीच जाड घेतली की हिशेब सारखा होतो. चांदीने स्वर चमकतो आणि तांब्याने मऊ होतो, ही कल्पना धातूच्या रंगावरून सुचलेली दिसते. विजेच्या नियमांत तिला आधार नाही. तार उंच स्वर गिळते असेही म्हणतात. हेडफोनच्या अशा तारेची विद्युत्-धारकता ३०० पिकोफॅरड धरली आणि ॲम्प्लिफायरचा रोध १०० ओहम इतका वाईट मानला, तरी गळती सुरू होते ती ५० लाख हर्ट्झच्या वर. तरुण आणि निरोगी कान ऐकतो २०,००० हर्ट्झपर्यंत, आणि वय वाढते तशी ही मर्यादा खाली येत जाते.

येथे कोणी म्हणेल, ‘‘तुमचे आकडे तुमच्यापाशी ठेवा, मी स्वतः ऐकले आहे.’’ असे म्हणणारा मनुष्य खोटे बोलत नाही. त्याने ऐकलेले असतेच. प्रश्न एवढाच की, जे ऐकले ते तारेमुळे की आणखी कशामुळे? तार बदलण्यासाठी हेडफोन उतरवावा लागतो. पुन्हा चढविताना गादी तसूभर निराळी बसते आणि खर्ज बदलतो. निकामी होत आलेली जुनी पिन काढून नवी घातली तर स्पर्श स्वच्छ होतो. आवाज नकळत किंचित वाढविला जातो. आणि बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ सालीच दाखविले आहे की, आवाजाची पातळी वाढली म्हणजे खालचे स्वर कानाला प्रमाणाबाहेर अधिक भरीव वाटतात. शिवाय नवी तार जोडल्यावर आपण गाणे पूर्वीपेक्षा अधिक लक्ष देऊन ऐकतो आणि शंभरदा ऐकलेल्या बंदिशीत एक नवी मुरकी सापडते. ती मुरकी तेथे पूर्वीपासूनच होती.

याचा निवाडा घरच्या घरी करता येतो. दोन ज्ञात नमुन्यांशी तिसऱ्या अज्ञात नमुन्याची गाठ घालून कानाची परीक्षा घेण्याची पद्धत बेल प्रयोगशाळेतीलच मन्सन व गार्डनर यांनी १९५० साली मांडली. तिचे साधे रूप असे : ऐकणाऱ्याने डोळ्यांवर पट्टी बांधावी. तारेच्या वजनावरून आणि ताठरपणावरून ती ओळखू येते, म्हणून दुसऱ्याने ती खुर्चीच्या पाठीवर टेकवून धरावी. त्याने प्रत्येक वेळी नाणे उडवावे. काट आली तर जुनी तार, छाप आली तर नवी. आणि तीच तार पुन्हा आली तरी पिना काढून परत घालाव्यात, म्हणजे खुडबुडीवरून अंदाज लागणार नाही. त्याने काही बोलू नये, नुसते कागदावर टिपावे. आवाजाच्या बटणाला कोणी हात लावू नये. असे दहा वेळा करावे. नुसत्या अंदाजानेही दहांपैकी पाच उत्तरे बरोबर येतात, तेव्हा सहा-सात बरोबर आल्याने हुरळून जाऊ नये. नऊ किंवा दहा बरोबर आली, तरच ती कानाची कमाई म्हणावी. कारण निव्वळ दैवाने तेवढी बरोबर येण्याचा संभव सुमारे एक टक्का आहे. तार बदलण्यास एक-दोन मिनिटे लागतात आणि तेवढ्यात स्वराची आठवण फिकट होते, हा आक्षेप रास्त आहे. पण ज्या फरकाला ‘गाण्यावरचे धुके हटले’ असे म्हटले जाते, तो दोन मिनिटे आठवणीत राहू नये काय?

मग तार कधीच बदलू नये असे आहे काय? तसे नाही. तार ही झिजणारी वस्तू आहे. पिनेच्या गळ्याशी ती वारंवार वाकते, आतले तंतू एकेक करून तुटतात आणि एके दिवशी डावा कान येऊन जाऊन राहतो. तेव्हा तार बदलावीच. आणि म्हणूनच जिची तार काढता-घालता येते अशी वाटी निवडणे हे शहाणपणाचे लक्षण आहे. तार आखूड पडत असेल, खुर्चीत गुंतत असेल किंवा सदऱ्यावर घासून तिचा खरखराट कानात येत असेल, तर लांब किंवा मऊ तार घ्यावी. ॲम्प्लिफायरला दोन्ही कानांसाठी स्वतंत्र परतीची वाट असलेली चार वाहकांची जोडणी असेल, तर तिच्यासाठी निराळी तार लागते. त्या जोडणीतून आवाजाला अधिक जोर मिळतो, पण तो ॲम्प्लिफायरचा गुण होय. कानाच्या आत बसणाऱ्या काही लहान साधनांचा रोध मात्र फारच कमी आणि स्वरागणिक बदलणारा असतो. तेथे बारीक, अधिक रोधाच्या तारेने ऐकू येईल असा फरक पडू शकतो. हा अपवाद खरा आहे, आणि त्याचेही उत्तर पुरेशी जाड तांब्याची साधी तार हेच आहे. यांपैकी प्रत्येक गरज मजबूत आणि माफक किमतीच्या तारेने भागते. डाख देण्याचे काम जाणणारा गावातला कारागीरही अशी तार करून देतो.

पैसा खर्च करण्याचा क्रम लावावयाचा झाला तर तो असा लागेल. पहिला खर्च आपल्या डोक्याला नीट बसणाऱ्या आणि डग्ग्याच्या परीक्षेत उतरलेल्या वाटीवर करावा. दुसरा तिला साजेशा, कमी रोधाच्या ॲम्प्लिफायरवर. साध्या यंत्रावर तिचा आवाज पुरेसा व स्वच्छ येत असेल तर तोही वाचवावा. तिसरा गाद्यांवर. गाद्या दबून चपट्या झाल्या म्हणजे पडदा कानाजवळ येतो, फट पडते आणि आवाज खरोखर बदलतो. ‘हेडफोन जुना झाला’ म्हणून तार बदलणाऱ्या पुष्कळांना नव्या गाद्यांची जोडी पुरली असती. उंच स्वर मंद वाटू लागले असतील तर चौथा खर्च कानाच्या डॉक्टरांकडे करावा. तेथली तपासणी उंची तारेच्या मानाने स्वस्त पडते.

आणि एवढ्यावरही कोणाला सुबक विणीची, चांदीची तार आवडली आणि ऐपत असली, तर त्याने ती अवश्य घ्यावी. सतारीच्या भोपळ्यावर कोरीव वेलबुट्टी असते. तिने सूर बदलत नाही, तरी ती आपल्याला आवडते. फक्त वेलबुट्टीचे पैसे वेलबुट्टी म्हणून द्यावेत, सुराचे म्हणून देऊ नयेत. ज्याचे पैसे मोजके आहेत त्याने खोक्यातली तार निश्चिंतपणे वापरावी आणि उरलेल्या रकमेत चांगल्या ध्वनिमुद्रिका घ्याव्यात, नाहीतर गावात होणाऱ्या मैफलीचे तिकीट काढावे. गाणे समोर बसून ऐकलेले असले म्हणजे कोणता हेडफोन त्याच्या जवळ जातो हे कानाला आपोआप कळू लागते.